भित्तिचित्रांवर रात्रभर फ्लडलाइट नकोत: फिरत्या मेसेजला उत्तर

गेले दोन-तीन आठवडे पुण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो नाटकवाल्यांकडून आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि मावसबहिणीनं "दादा, तू लाइटवाला ना, मग हे मनावर घे" असं म्हणून वेगळा पाठवला. मागणी अशी आहे की शहरातल्या प्रत्येक भित्तिचित्रावर दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत मोठे फ्लडलाइट लावावेत. त्याची सहा कारणं दिली आहेत. उजेड जितका जास्त तितकं चित्र छान दिसतं. पांढऱ्या एलईडीखाली रंग दिवसासारखेच दिसतात. एलईडीत अतिनील किरण नसतात, म्हणून रंग उडत नाहीत. विजेचा खर्च नगण्य आहे. उजेड असला की थुंकणारे आणि पोस्टर चिकटवणारे फिरकत नाहीत. आणि यात कुणाचंही नुकसान नाही.

लिहिणाऱ्याचा जीव चित्रांत आहे, हे वाचताना जाणवतं. माझाही आहे. नाटकांची प्रकाशयोजना करण्यात माझी बावीस वर्षं गेली, आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हॉलच्या रस्त्याकडच्या भिंतीवर रंगवलेल्या वारीच्या चित्रावर हा सगळा प्रयोग होऊन गेला आहे. तेव्हा जे पाहिलं आणि मोजलं त्यावरूनच लिहितो.

आधी तिसरा मुद्दा घेतो, कारण तो बराचसा बरोबर आहे. साध्या पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, हे खरं. पण रंग फक्त अतिनील किरणांनीच उडतात असं नाही. दिसणारा उजेडही रंग खातो, म्हणूनच संग्रहालयात जलरंगाची चित्रं आणि जुनी वस्त्रं ५० लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर किती उजेड पडतो त्याचं माप) आसपासच्या मंद उजेडात ठेवतात. मग भिंतीवरच्या चित्राला दिव्याची भीती आहे का? हिशेब करून पाहा. भर दुपारच्या थेट उन्हात साधारण १ लाख लक्स पडतात. ५० लक्सचा दिवा रोज चार तास, वर्षभर लावला तर ७३,००० लक्स-तास होतात. म्हणजे दुपारच्या एका तासाच्या उन्हापेक्षाही कमी. मेसेजमधला दणदणीत फ्लडलाइट धरू, ३०० लक्स, अकरा तास, वर्षाचे ३६५ दिवस. तरी वर्षभराची बेरीज १२ तासांच्या उन्हाएवढीच भरते. दिव्यांमुळे रंग जातील अशी काळजी काही चित्रकारांनाही वाटते, त्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

रंग जातात ते उन्हानं आणि ओलीनं. पश्चिमेच्या भिंतीवर मार्च ते मेची दुपार पडली की फ्लुरोसंट गुलाबी आणि पोपटी सगळ्यांत आधी फिके होतात, मागोमाग स्वस्तातले लाल-पिवळे. गेरू आणि पिवळी माती मात्र वर्षानुवर्षं टिकून राहतात, कारण त्यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. त्याहून वाईट शत्रू भिंतीच्या आत असतो. पावसाळ्यात भिंत पाणी पिते, ते पाणी सुकताना क्षार पृष्ठभागाकडे आणतं, क्षारांचे खडे रंगाच्या थराखाली फुलतात आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. आपण याला लोणा लागणं म्हणतो. गच्चीचा पन्हाळ त्या भिंतीवर गळत असेल तर चार फ्लडलाइटच्या पैशांत आधी तो पन्हाळ दुरुस्त करा. चित्राचं आयुष्य त्यानं वाढेल. दिव्यानं ते वाढतही नाही आणि घटतही नाही.

आता पहिला मुद्दा, जिथे माझा खरा वाद आहे. जास्त उजेड म्हणजे जास्त चांगलं दिसणं, हे डोळ्याच्या बाबतीत खरं नाही. डोळा उजेड मोजत नाही, तो आजूबाजूच्या मानानं तुलना करतो. रिकाम्या काळोख्या रंगमंचावर अगदी मंद केलेला एक स्पॉट नटाचा चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो, आणि तोच स्पॉट सगळे दिवे चालू असताना लावला की असून नसल्यासारखा होतो. कसबा पेठेतल्या अरुंद बोळात, जिथे दोन वाड्यांमधून एक रिक्षा जेमतेम जाते, तिथे भिंतीवर ३० लक्स भरपूर झाले. त्याच बोळात ३०० लक्स ओतले की चित्राजवळून जाणाऱ्याचे डोळे दिपतात आणि दहा पावलांवरचा जिना, गटाराचं झाकण, समोरून येणारी सायकल त्याला दिसत नाही. जंगली महाराज रस्त्यावर गोष्ट वेगळी. तिथे दुकानांच्या पाट्या आणि जाहिरातींचे फलक आधीच झगमगत असतात, तिथे ३० लक्सचं चित्र हरवून जाईल. म्हणून 'प्रत्येक भित्तिचित्रावर' एकच नियम लावणं मुळातच चुकीचं आहे. प्रत्येक भिंतीपुढे रात्री उभं राहूनच ठरवावं लागतं.

दिवा कुठे बसवला यावर तर सगळंच अवलंबून असतं, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल एक शब्द नाही. आमच्या सोसायटीत एका ठेकेदारानं शंभर-शंभर वॅटचे चार फ्लडलाइट भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीत गाडून लावले होते. चित्रात तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बायका आहेत. त्यांची पावलं आणि लुगड्यांचे काठ भगभगीत, आणि चेहरे अंधारात. असं होणारच होतं. दिवा भिंतीपासून एक मीटरवर असेल आणि सगळीकडे सारखाच उजेड फेकत असेल, तर एक मीटर उंचीवर जेवढा उजेड पडतो त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढाच चार मीटर उंचीवर पोचतो. दिवा वर वळवून ही तफावत थोडी कमी करता येते, पण मग उरलेला झोत भिंतीवरून निसटून थेट आभाळात जातो. शिवाय चित्र पाहायला कुणी पुढे आलं की त्याची सावली चित्रावर, आणि दिवा त्याच्या डोळ्यांत. पहिल्याच पावसात त्या खड्ड्यांत पाणी, चिखल आणि गुलमोहराची पानं साचली, आणि गणपती येईपर्यंत चारातले दोन दिवे गेले होते.

समोरच्या खांबावरून झोत टाकला तरी अडचण येते. चित्रावर पारदर्शक चकचकीत कोटिंग असेल, आणि हल्ली बहुतेकदा असतंच, तर समोरून आलेला झोत आरशासारखा परत फिरतो आणि फुटपाथवर उभ्या माणसाला चित्राच्या जागी एक पांढरा डाग दिसतो. भिंतीच्या वरून, हात बाहेर काढून, भिंतीच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावरून खाली उतरणारा उजेड मला सगळ्यांत योग्य वाटतो. परावर्तन बरंचसं भिंतीच्या पायाकडे पडतं, बघणाऱ्याच्या डोळ्यांत कमी येतं, आणि वर आभाळात थेट काही सांडत नाही. दिवा याहून जवळ आणला की झोत भिंतीला घासत जातो आणि प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक पोपडा उठून दिसतो. काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीवर तो परिणाम सुंदर असतो, चित्रावर नसतो.

रंग दिवसासारखे दिसतात हा दावा मी कुंकवावर तपासला. बाजारात मिळणारे रस्त्याचे स्वस्त पांढरे एलईडी ६,५०० केल्विनचे असतात (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर) आणि त्यांची रंग दाखवण्याची क्षमता, म्हणजे सीआरआय, शंभरपैकी ७०-८० असते. हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल त्या आठांत नाही, त्याचा वेगळा आकडा असतो, त्याला आर-नऊ म्हणतात, आणि या दिव्यांचा तोच सगळ्यांत कमकुवत असतो. आमच्या चित्रातल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू त्या उजेडात तपकिरी झालं. भगव्या पताका मातकट झाल्या. दिवे बदलून ३,००० केल्विनचे, सीआरआय ९०च्या वरचे, आर-नऊ ५०च्या वरचे लावले तेव्हा लाल परत लाल झाला. विठ्ठलाच्या मागचं निळं आभाळ थोडं मवाळ दिसतं हे मान्य, पण वारीच्या चित्रात कुंकू आणि पताका आधी. समुद्राचं किंवा रात्रीचं चित्र असतं तर मी ४,००० केल्विन निवडलं असतं. दुकानदाराला सीआरआय विचारा. त्याला आकडा सांगता आला नाही तर कागदावर चिमूटभर कुंकू घेऊन जा आणि दिव्याखाली धरून बघा.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. शंभर वॅटचे चार दिवे अकरा तास चालले की वर्षाला १,६०६ युनिट होतात. आता आमच्याकडे पंधरा वॅटच्या चार पट्ट्या आहेत, साडेसहा ते साडेदहा, वर्षाला ८८ युनिट. अठरा पटींचा फरक नगण्य नसतो. आणि खोक्यावर लिहिलेल्या ५०,००० तासांवर विसंबू नका. तेवढ्या तासांनी दिव्याचा उजेड साधारण ७० टक्क्यांवर येतो, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या कितीतरी आधी आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, जळतो, कधी विजेच्या चढउतारानं, कधी आत शिरलेल्या पाण्यानं. निदान आयपी ६५चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारा, दिवा घ्या, आणि तो बदलायला शिडी कोण लावणार हे आधीच ठरवा. बंद पडलेले, लोंबकळणारे दिवे चित्राची शोभा घालवतात.

थुंकणाऱ्यांबद्दल मला वाईट बातमी द्यावी लागते. आमच्या भिंतीवरच्या पिचकाऱ्या भरदिवसा पडतात, दुचाकीवर बसलेल्याच्या तोंडाच्या उंचीवर, सिग्नल लागलेला असताना. फ्लडलाइट होते तेव्हाही त्यांची संख्या तेवढीच होती. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीनं. चित्रकार मुलीनं प्रत्येक रंगाचा पाव-पाव लिटरचा डबा वॉचमनकाकांकडे ठेवायला दिला, आणि डाग पडला की त्याच दिवशी धुऊन, लागलं तर रंग लावून टाकायचा, असं ठरवलं. डागावर डाग पडतो. स्वच्छ भिंतीवर पहिली पिचकारी टाकायला माणूस जरा कचरतो. एक गोष्ट मात्र मेसेजच्या बाजूनं सांगितली पाहिजे. भिंत मंद उजळलेली असली की तिच्यापुढून चालणाऱ्या माणसाची आकृती लांबूनही कळते, आणि रात्री एकट्यानं परतणाऱ्या बाईला गल्ली कमी बंदिस्त वाटते. त्याला मंद उजेड पुरतो, आणि तो दिपवणारा नसेल तरच उपयोगाचा.

शेवटचा दावा, कुणाचंही नुकसान नाही, हा मला सर्वांत जास्त खटकला. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे हजारोंनी बाहेर पडतात आणि दिव्याकडे झेपावतात. त्यांच्या मागे पाली येतात, कोळी जाळी विणतात, आणि सकाळी वारकऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर पालींची विष्ठा आणि चिकटलेले पंख. ते आम्ही खरवडून काढले आहेत. उबदार रंगाच्या, कमी वेळ चालू असणाऱ्या दिव्याकडे किडे कमी येतात. मुठेकाठच्या भिंतींवर तर जास्तच जपायला हवं, कारण तिथल्या उंबरांवर वटवाघळं रात्री फळं खायला उतरतात आणि त्यांना अंधार लागतो. आभाळाचंही बघा. १९४४ साली आपल्याच गावात ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. आज पुण्याच्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, गिरवलीला उभारावी लागली. एका भिंतीच्या दिव्यानं आभाळ उजळत नाही हे खरं, पण मेसेजची मागणी प्रत्येक भिंतीची आणि रात्रभराची आहे.

आणि समोर माणसं राहतात. आमच्या भिंतीसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक आजी आहेत. फ्लडलाइट होते त्या काळात त्यांनी खिडकीला आतून गोधडी लावली होती, उन्हाळ्यातसुद्धा. आम्हाला हे कळलं तेव्हा चार महिने उलटून गेले होते, कारण दिवे लावताना समोरच्यांना विचारावं हे कुणाला सुचलंच नव्हतं, मलाही नाही.

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांची रोषणाई मी यात धरत नाही. ती सणाची असते, विसर्जनाबरोबर उतरते. त्या दिवसांत आम्ही भिंतीचे दिवे बंदच ठेवतो, मांडवाच्या झगमगाटात ते दिसतही नाहीत.

तुमच्या गल्लीत चित्र असेल आणि त्यावर दिवे लावायचे असतील, तर खरेदीआधी एक रात्र द्या. मांडववाल्याकडून दोन दिवे आणि एक्स्टेन्शन बोर्ड भाड्यानं घ्या, आठच्या सुमाराला भिंतीपुढे लावा. चित्रकाराला बोलवा, समोरच्या घरांतल्या लोकांना त्यांच्या खिडकीतून बघायला सांगा. उजेड हळूहळू कमी करत न्या आणि चित्र दिसेनासं व्हायच्या जरा आधी थांबा. डिमर माझ्याकडे आहे. नाटकाचा प्रयोग नसेल त्या संध्याकाळी मी तो घेऊन येईन.