‘सीलबंद, एकदाही न वाजवलेला’ कॉन्सर्ट

सकाळपासून डोकं फिरलंय. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या सीडी जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी ‘डेव्ह्ज पिक्स’ या त्यांच्या जुन्या कॉन्सर्टच्या सीडी-मालिकेतला एक भाग विकायला काढलाय. मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव लावलाय. तेही एक वेळ सोडून दिलं असतं, पण जाहिरातीत अभिमानानं लिहिलंय: ‘सीलबंद, एकदाही वाजवलेला नाही’. आणि खाली शाबासक्या! छान गुंतवणूक केलीस, अजून दोन वर्षं थांब, भाव आणखी चढेल. अरे, त्या डब्यात एक अख्खी रात्र आहे. माणसं जीव ओतून वाजवतायत, समोर हजारो लोक बेभान झालेत, आणि तुम्ही ती प्लास्टिकमध्ये कोंडून कपाटात ठेवता?

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झालेला बँड. ३० वर्षांत २,३०० च्या आसपास कॉन्सर्ट केले आणि कालच्यासारखा आज कधी वाजवला नाही. त्यांचं ‘डार्क स्टार’ हे गाणं १९६८ च्या रेकॉर्डवर तीन मिनिटांच्याही आत संपतं. पुढच्या वर्षीच्या ‘लाइव्ह/डेड’वर तेच २३ मिनिटं चालतं. २७ ऑगस्ट १९७२ ला, ऑरेगनमधल्या व्हेनेटाच्या माळावर, उन्हानं होरपळलेल्या दिवशी, अर्ध्या तासाच्या वर. आपल्याकडे झाकीरभाईंमुळे मिकी हार्टचं नाव बऱ्याच घरांत पोचलंय. ‘प्लॅनेट ड्रम’ला ग्रॅमी मिळालं तो हार्ट म्हणजे याच बँडचा ड्रमर.

तर या बँडनं ऐकणाऱ्यांना रेकॉर्डिंग करू दिलं. आधी काणाडोळा केला, मग १९८४ च्या ऑक्टोबरपासून रीतसर टेपर्ससाठी, म्हणजे कॉन्सर्ट टेप करणाऱ्या चाहत्यांसाठी, वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं. साउंडबोर्डच्या (सगळा आवाज जिथून सांभाळतात त्या टेबलाच्या) मागे उंच दांड्यांवर माइकच माइक. अट एकच, पैशांचा व्यवहार करायचा नाही. बँडचा गिटारिस्ट आणि गायक जेरी गार्सिया याचं म्हणणं असायचं की आमचं वाजवून झालं की पुढे ते लोकांचं.

मी सप्टेंबर १९९५ मध्ये सॅन होजेला पहिल्या नोकरीवर रुजू झाले. गार्सिया ९ ऑगस्टला गेला होता. म्हणजे माझी गाडी महिन्याभरानं चुकली. आमच्या टेस्ट लॅबमध्ये एक पन्नाशीचा अमेरिकन टेक्निशियन होता, आम्ही देशी पोरं आपसात त्याला काका म्हणायचो. रात्रपाळीला त्याचा टेपरेकॉर्डर चालू असायचा. हे काय वाजतंय, एवढंच मी एकदा विचारलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेट. आतल्या कार्डावर हिरव्या शाईत, बारीक अक्षरात: ८ मे १९७७, बार्टन हॉल, कॉर्नेल. खाली गाण्यांची नावं, आणि जिथे एक गाणं न थांबता दुसऱ्यात शिरतं तिथे छोटासा बाण. ‘स्कार्लेट बेगोनियाज’, बाण, ‘फायर ऑन द माउंटन’. त्या बाणाच्या जागी नेमकं काय होतं ते ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं नाही ऐकलं त्याला लिहून कळणार नाही.

मी पैसे देऊ केले. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, पैसे नकोत, कोऱ्या कॅसेट आण. उद्या तुझ्याकडे कुणी मागितलं तर त्याला करून दे. विकलंस तर माझ्याशी बोलू नकोस.

त्या कॅसेटमागची हकीकत मला फार नंतर कळली. ते रेकॉर्डिंग बेटी कँटर-जॅक्सन या बाईंचं. बँडच्या साउंड इंजिनिअर, आणि काय कान होते! पुढे त्यांचे दिवस फिरले, भाड्याच्या गोदामात ठेवलेल्या टेप्सचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्या रिळांचा लिलाव झाला. अनोळखी लोकांनी घेतल्या. तिथून कॉपीची कॉपी होत ते सगळीकडे पसरलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं, २०११ च्या यादीत हा कॉन्सर्ट राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवला, आणि अधिकृत सीडी आली २०१७ मध्ये! म्हणजे सरकारदरबारी नोंद झाली तरी दुकानात सीडी नव्हती. ४० वर्षं ती रात्र जिवंत कुणी ठेवली? काकासारख्या माणसांनी, स्वतःच्या खर्चानं, रात्र रात्र दोन कॅसेट डेक जोडून.

म्हणून मला हा सीलबंद प्रकार सहन होत नाही.

डिक लॅटव्हालाची आठवण काढा. तो स्वतः टेप्सची अदलाबदल करणारा चाहता, पुढे बँडच्या टेप्सचा राखणदार झाला. १९९३ मध्ये त्याच्या निवडीच्या कॉन्सर्टची सीडी-मालिका ‘डिक्स पिक्स’ सुरू झाली, टँपाच्या डिसेंबर १९७३ च्या कॉन्सर्टपासून. आवाजात दोष असेल तर तसं स्पष्ट छापायचे, बघून घ्या म्हणून. तो १९९९ मध्ये गेला, मालिका ३६ भागांपर्यंत चालली. त्यात कुठेही ‘मर्यादित आवृत्ती’ची भानगड नव्हती. आज वाटलं, आज मागवलं. २०१२ मध्ये ‘डेव्ह्ज पिक्स’ आलं आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक पडायला लागला. पहिल्या भागाच्या १२,००० प्रती. संपल्या की संपल्या. या मालिकेतले डेव्ह म्हणजे डेव्हिड लेम्यू निवड उत्तम करतात, त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही, तो माणूस मनापासून ऐकणारा आहे. पण क्रमांक कशाला? संगीताला क्रमांक लागला की ते घ्यायला ऐकणारे येत नाहीत, साठेबाज येतात.

हो, नंतर प्रतींचा आकडा बराच वाढवला, मान्य. जुन्या टेपचा वेग दुरुस्त करायचा, मास्टरिंग करायचं, याला खर्च येतो आणि ठरावीक प्रती हमखास खपल्या की तो निघतो, हेही मान्य. पण म्हणून संपल्यानंतर कायमचं कुलूप? निदान डाउनलोड तरी विकत ठेवा ना! कॉर्नेलची सीडी क्रमांकाशिवाय काढलीच की, कुणाचं काही बिघडलं नाही. २०११ मध्ये ‘युरोप ७२’चा सगळा दौरा काढला, २२ कॉन्सर्ट, ७३ सीडी, पेटीच्या ७,२०० प्रती. चार दिवसांत संपल्या. मग लोकांनी मागितल्यावर पेटी वगळून नुसत्या सीडींची आवृत्ती काढलीच ना? ज्याला पेटी हवी त्याला पेटी, ज्याला गाणी हवीत त्याला गाणी. जमतं, मनात आणलं की जमतं.

मी आता पुण्यात असते. सीडी भाच्याच्या अमेरिकेतल्या पत्त्यावर मागवते, तो दिवाळीला येताना बॅगेतून आणतो. एक भाग हुकला, कारण मालिकेची वर्षाची वर्गणी भरायची ती तारीख घरातल्या आजारपणात निघून गेली. आठवडाभरात तोच भाग बाहेर अव्वाच्या सव्वा भावानं दिसायला लागला. मला परवडलाही असता. घेतला नाही. हिरव्या शाईतलं ते कार्ड अजून माझ्याकडे आहे, आणि ते घरात असताना मला असल्या सौद्यात पडवत नाही.

कुणी म्हणेल, इंटरनेट अर्काइव्ह या साइटवर हजारो रेकॉर्डिंग फुकट आहेत, मग रडता कशाला? आहेत, आणि त्यासाठी त्या लोकांचे पाय धरावेत. पण तेही लढून राखलेलं आहे हे विसरू नका. नोव्हेंबर २००५ मध्ये तिथली डाउनलोड एकदम बंद केली होती. चाहते खवळले, बँडचा बेसिस्ट फिल लेश जाहीरपणे चाहत्यांच्या बाजूनं बोलला. काही दिवसांत प्रेक्षकांतून केलेली रेकॉर्डिंग पुन्हा खुली झाली, थेट साउंडबोर्डवरून घेतलेली नुसती ऐकण्यापुरती. त्या आठवड्यात काकाचा मला एका ओळीचा ईमेल आला होता: जे हाताला लागेल ते उतरवून घे आणि वाटून टाक. काकाला कधी एवढं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्याला भीती सीडीची नव्हतीच, सीडी तो घ्यायचाच, बँडचे पैसे बँडला मिळाले पाहिजेत असं त्याचं ठाम मत. भीती होती ती एक दिवस हे सगळं मूठभर लोकांच्या कपाटात जाऊन बसेल याची.

फिल लेश ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. डिसेंबरात झाकीरभाई गेले, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. गार्सियाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. आता जी पोरं हा बँड शोधत येतात त्यांना टेपशिवाय दुसरा रस्ताच नाही, जसा मला नव्हता. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला एखादी रात्र ऐकाविशी वाटली आणि ती फक्त डीलरकडे आठवड्याच्या जेवणाच्या पैशांत मिळते, हे त्या बँडच्या नावाखाली चालावं? हे लिहिताना सकाळचा राग थोडा निवळला होता, या वाक्याला परत उसळला.

ज्यांच्याकडे सीलबंद प्रती आहेत त्यांना माझं सांगणं आहे, फोडा. आज फोडा आणि वाजवा. भाव पडेल, पडू दे. नको असेल तर घेतल्या किमतीला कुणा ऐकणाऱ्याला द्या. आणि सीडी काढणाऱ्या कंपनीला एकेकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून लिहू या: सीडी संपली की डाउनलोड सुरू ठेवा, कायमचं, योग्य दरात. मी मसुदा करते, उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकते. सही कोण करणार ते सांगा. आणि ज्यांनी यातलं अजून काहीच ऐकलेलं नाही त्यांनी कॉर्नेलच्या दुसऱ्या सेटपासून सुरुवात करा, कुठे मिळेल ते खाली कमेंटमध्ये देते.