उघड म्हटलं, उघडली म्हणाला

फाईलवर दोनदा टिचकी मारली की ती उघडते, यापलीकडे या विषयात काही असेल अशी शंकाही मला कधी आली नव्हती. मग मी एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात 'अहवाल उघडा' असं एक बटण होतं. माझ्या कॉम्प्युटरवर ते दाबलं की अहवाल उघडायचा. ज्या बाईंसाठी लिहिला होता, त्यांच्याकडे ढिम्म.

"काही एरर दाखवतोय का?" मी फोनवर विचारलं.

"छे हो, अगदी गप्प आहे," त्या म्हणाल्या.

विंडोजमध्ये हे काम शेलएक्झिक्यूटएक्स नावाचं फंक्शन करतं. क्रिएटप्रोसेस म्हणून आणखी एक आहे, पण त्याच्या हातात थेट प्रोग्रॅमच ठेवावा लागतो. नुसती फाईल दिली तर ते ओळखसुद्धा दाखवत नाही. शेलएक्झिक्यूटएक्स त्या मानाने मनमिळाऊ. फाईल द्या, फोल्डर द्या, वेबसाइटचा पत्ता द्या, घेतं. फक्त आधी फॉर्म भरून मागतं. रकाने १५. त्यातल्या पहिल्यात हा फॉर्म किती बाइटचा आहे, हे आपणच लिहायचं! फॉर्म त्यांचा आणि मापं काढायची आम्ही.

दर वेळी कोड बदलून बघायचा कंटाळा आला, म्हणून मी हा फॉर्म चौकटी आणि टिकमार्कांसकट एका खिडकीत मांडला. खाली बटण: 'चालवा'.

पहिल्याच फटक्याला उत्तर आलं २. म्हणजे फाईल सापडली नाही. फाईल माझ्या डोळ्यांसमोर होती. पण मी नुसतं नाव दिलं होतं, आणि खिडकी भलत्याच फोल्डरमध्ये उभी राहून शोधत होती. पूर्ण पत्ता दिल्यावर ४२ आले. इथे ३२च्या वर गेलं की पास, हा सोळा बिटांच्या विंडोजपासून चालत आलेला नियम. म्हणजे मी दणदणीत पास. स्क्रीनवर मात्र काही नाही. पुन्हा दाबलं. ४२. पुन्हा. ४२. रागाच्या भरात किती वेळा दाबलं ते टास्क मॅनेजरने सांगितलं: १७ नोटपॅड, सगळी चालू, सगळी अदृश्य. उघडलेल्या प्रोग्रॅमची खिडकी कशी दाखवायची, हा रकाना मी कोरा ठेवला होता. कोरा म्हणजे शून्य, आणि शून्याचा अर्थ 'लपवा'.

मग व्हर्बची चौकट. फाईलचं काय करायचं ते क्रियापद इथे लिहायचं. 'ओपन' लिहून झालं होतं, म्हणून सहज 'प्रिंट' लिहिलं. प्रिंटर चालू आहे हे तेव्हा माझ्या लक्षात नव्हतं. पुढची काही मिनिटं होतं. 'रनॅज', म्हणजे दुसऱ्याच्या अधिकाराने चालव, असं लिहिलं तर विंडोजने ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली. मी 'नाही' म्हटलं, तर एरर १२२३: वापरणाऱ्याने रद्द केलं. नकार मीच दिला आणि तक्रारही माझ्याकडेच!

शेवटी बाईंना ही खिडकी पाठवली आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये होतं तसंच सगळं भरायला सांगितलं. त्यांच्याकडे ३१ आले. त्या प्रकारची फाईल उघडणारा प्रोग्रॅमच त्यांच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नोंदवलेला नव्हता. आणि विंडोज तसं सांगायला तयार होतं. पण वापरणाऱ्याला उगाच त्रास नको म्हणून 'कोणताही संदेश दाखवू नका' या खुणेवर मीच टिक केली होती. बाईंचा कॉम्प्युटर गप्प नव्हता, मी त्याचं तोंड दाबून धरलं होतं.

टिक काढली. व्हर्बची चौकटही रिकामी केली, म्हणजे काय करायचं ते विंडोजच ठरवतं. नवा प्रोग्रॅम पाठवला आणि निवांत बसलो.

दहा मिनिटांत फोन.

"आता बोलतोय हो," बाई म्हणाल्या. "विचारतोय, ही फाईल कशाने उघडू? काय सांगू त्याला?"