रोज मशीनवर काय करायचास, ते कागदावर कुठाय?

चाकण एमआयडीसीत क्वालिटीला आहे मी. भरती निघाली की मुलाखतींना मलाही बसवतात, आणि आयटीआय-डिप्लोमाच्या पोरांच्या रेझ्युमेंचा गठ्ठा समोर येतो. बहुतेक एकाच साच्यातले. वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'चं तेच ते जडजड इंग्रजी वाक्य, खाली छंद, धर्म, जात, आणि शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' म्हणून सही. झेरॉक्सच्या दुकानात एक फाइल ठेवलेली असते, नाव बदलून प्रिंट काढून देतात. एका मुलाच्या रेझ्युमेवर वडिलांचं आडनाव भलतंच होतं. आधीच्या कुणाचं तरी तसंच राहून गेलेलं. फार वाईट वाटलं मला.

मागच्या महिन्यात लातूरकडचा एक मुलगा आला. आयटीआयला दोन वर्षं टर्नर ट्रेड, म्हणजे लेथचं काम, मग एक वर्ष अ‍ॅप्रेंटिस. त्या वर्षाबद्दल कागदावर एकच ओळ, कंपनीचं नाव आणि तारखा. बाकी पानभर 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेअर'.

"रोज नेमकं काय करायचास?" मी विचारलं.

आधी बुजला, मग बोलायला लागला. फॅनुक कंट्रोलरच्या सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, बुश टर्निंग, म्हणजे नळीसारखे गोल पार्ट कापायचे. पहिला पीस मायक्रोमीटरने मोजायचा, साइज सरकला की ऑफसेट द्यायचा, म्हणजे टूलची जागा तेवढी सुधारायची, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजला की बदलायचा. "आणि मॅडम, जेवणाच्या सुट्टीत मशीन थंड व्हायचं. परत चालू केलं की साइज हलायचा. म्हणून सुट्टीनंतरचे पहिले पाच पीस मी सगळेच मोजायचो."

हे पुस्तक वाचून येत नाही हो. आमच्याकडे याच कारणाने पीस रिजेक्ट होतात आणि असा मुलगा आम्ही शोधत असतो. पण तो त्या कागदात सापडलाच नसता. मुलाखतीला बोलावलं ते ट्रेड बघून, केवळ नशिबाने.

म्हणून पोटतिडकीने सांगते. कोणतं मशीन, कोणता कंट्रोलर, कोणता पार्ट, कशाने मोजलात, शिफ्टला किती पीस काढलेत, हे लिहा. साध्या तुटक इंग्रजीत लिहा, चालतं. एटीकेटी लागली असेल, वर्ष वाया गेलं असेल तर लपवू नका, आम्ही विचारतोच आणि थाप लगेच कळते. एक पान पुरे. जात-धर्म काढा. आधार नंबर तर मुळीच टाकू नका, हे कागद कुठे कुठे फिरतात याचा पत्ता नसतो. मोबाइल नंबर मात्र दोनदा तपासा. निवड होऊनही फोन लागला नाही म्हणून पुढच्याला बोलावल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या मुलाला मी तोच कागद उलटा करून लिहायला बसवलं. चार ओळी मशीनच्या झाल्या. पाचवी त्याने बिचकत विचारली, "शेतातल्या मोटरीचं लिहू का?" दहावीपासून घरच्या पंपाचं ग्लँड पॅकिंग, म्हणजे पाणी गळू नये म्हणून घालतात ते, आणि स्टार्टरची दुरुस्ती तोच करतो. लिही म्हटलं.

शेजारी बसलेल्या मेंटेनन्सच्या साहेबांनी ती ओळ वाचली आणि कागद स्वतःकडे ओढून घेतला.