मिरजेला? कोणाला काय झालं?

'मिरजेला चाललोय' असं म्हटलं की पश्चिम महाराष्ट्रातला कुठलाही वडीलधारा माणूस आधी चेहरा पाडतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "कोणाला काय झालं?" यात त्याची चूक नाही. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं रुग्णालय उघडलं. तेव्हापासून मिरजेला माणूस एक तर दाखवायला जातो, नाही तर कोणाला तरी बघायला.

"कोणाला काही नाही झालं काका, गाण्याला चाललोय. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ असतं ना, दर्ग्यात. किराणा घराणं..."

"किराणा? मग येताना हळद आण की. सांगलीची बरी असते."

इथून आमच्या नऊ जणांच्या तयारीला सुरुवात होते.

खाँसाहेब म्हणजे किराणा घराण्याचे थोर गवई. मूळचे उत्तरेकडच्या कैराना गावचे (घराण्याचं नाव त्यावरूनच), पण मनानं आणि मुक्कामानं मिरजेचे. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीकडं जाताना प्रकृती बिघडली म्हणून ते वाटेत सिंगापेरुमल कोविल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथंच गेले. पार्थिव मिरजेला आणलं आणि ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. चिंचेच्या झाडाखालची मैफल म्हणून ती ओळखली जाते. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी इथं हजेरी लावून गेलेत.

नवखा माणूस २७ ऑक्टोबर ही तारीख बघून रजा टाकतो आणि मिरजेत पोचल्यावर एकटाच भटकत बसतो. गाणं उरुसाच्या तिथीला असतं आणि उरूस चंद्रावर चालतो. हिजरी चांद्र वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं उरूस दरसाल तेवढाच मागं सरकतो. सध्या तो थंडीत येतो. पंधरा-सोळा वर्षांनी तोच भर पावसात येईल आणि तेव्हा 'मागच्या वेळी शाल आणली होती' या अनुभवाचा काडीचा उपयोग होणार नाही. शिवाय महिना लागतो चंद्रदर्शनानं. म्हणजे कॅलेंडरात छापलेली तारीख एका दिवसानं इकडची तिकडं होऊ शकते.

आता रेल्वेला चंद्राशी काही देणंघेणं नाही. तिचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं, आणि ६० दिवस आधी चंद्र काय करणार आहे हे कोणीच लिहून देत नाही. यावर आमच्यातल्या हिशेबी काकांचा तोडगा असा : लागोपाठच्या दोन्ही दिवसांची तिकिटं काढायची आणि तारीख पक्की झाली की एक दिवस रद्द करायचा. लवकर रद्द केलं तर शयनयानाला माणशी १२० रुपये कापले जातात. नऊ जणांचे १,०८०. काका ही रक्कम वहीत 'चंद्र' या खात्यावर टाकतात.

नऊ हा आकडाही मुळात वाईट. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, त्यामुळं सहा आणि तीन अशी दोन तिकिटं होतात. तात्काळमध्ये तर चारच. म्हणजे चार, चार आणि एक. हा एक कोण, यावर जेवढा वाद होतो तेवढा 'खाँसाहेबांचा झिंझोटी राग श्रेष्ठ की जोगिया' यावरही होत नाही. तात्काळ उघडतं आदल्या दिवशी, वातानुकूलितचं १० वाजता आणि शयनयानचं ११ वाजता. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर दार बंद. आणि पक्कं झालेलं तात्काळ तिकीट रद्द केलं तर छदामही परत मिळत नाही.

खरी अडचण स्वभावाची आहे. आम्ही मंडळी किराण्याची. एकेका स्वरावर बसून राहायचं आणि विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं मिनिटभराचं आवर्तन संपत आलं की समेला, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, मान हलवायची, ही आमची तालीम. अशा माणसाला पडद्यावरची वाकडी अक्षरं ओळखून भरायला सांगितलं की तो ती अक्षरं न्याहाळत बसतो. ओटीपी येतो, तो फोन दुसऱ्या खोलीत असतो, तिथून आकडे मोठ्यानं सांगितले जातात, आणि समेवर येईपर्यंत प्रतीक्षा यादी ८७. ज्या माणसानं तबकडीच्या एका बाजूला, तीन-सव्वातीन मिनिटांत, 'जमुना के तीर'ची भैरवी आलापापासून निरोपापर्यंत पुरी केली, त्याच्या चाहत्यांना तीन आठवड्यांत गाडी ठरवता येत नाही.

गाडी ठरली तरी तारखेचा सापळा उरतोच. महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून रात्री निघते आणि पुण्यात मध्यरात्रीच्या काठावर येते. मुंबईकर आणि पुणेकर एकाच गाडीनं यायचे असतील तर 'बारा तारखेची गाडी' हे शब्द उच्चारायलाच बंदी हवी. मुंबईच्या बारा तारखेला पुण्याच्या घड्याळात तेरा वाजलेली असू शकते. तिकिटावर चढण्याच्या स्टेशनासमोर जी तारीख आणि वेळ आहे, तीच मोठ्यानं वाचून दाखवायची आणि समोरच्याकडून वदवून घ्यायची. गुरू बंदिश सांगतात, तशी.

उतरायचं मिरजेला. हे सांगायला का लागावं? तर आधी सांगली येतं. पहाटेची वेळ, डोळ्यांवर झोप, 'सांगली-मिरज' हे जोडनाव लहानपणापासून कानात बसलेलं. एक तरी गडी सांगलीला उतरतोच. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, रिक्षा-बस मिळतात, नुकसान फारसं नाही. पण उरलेला दिवस त्याला सगळे 'सांगलीकर' म्हणतात. गाडीनं, म्हणजे मोटारीनं जाणाऱ्यांनी सातारा-कराड करून पेठ नाक्याला वळावं आणि आष्ट्यावरून सांगली गाठावी. चालवणाऱ्याला मात्र रात्री गाणं ऐकून पहाटे परतीचं चाक हातात द्यायचं नाही. भैरवीनंतर माणसाला जी झोप येते तिला हॉर्न ऐकू येत नाही.

मुक्कामाचं सांगतो. मिरजेतल्या बऱ्याच लॉजवर पेशंटचे नातेवाईक उतरलेले असतात, त्यामुळं काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "पेशंट कुठं आहे?" पेशंट नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येत नाही, नुसतं बघतात. उरुसात खोल्या तशाही भरलेल्या, म्हणून फोन करून आधी ठेवाव्यात आणि एक गोष्ट नक्की विचारावी : चेकआउट दुपारी १२ चं की २४ तासांचं? २४ तासांचं असेल आणि तुम्ही पहाटे सहाला गाडीतून उतरून खोली घेतलीत, तर ती दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला संपते. रात्रभर तुम्ही दर्ग्यात बसणार आणि पाठ टेकायला परत याल तेव्हा पोऱ्या चादरी बदलत असणार. म्हणून सकाळी आंघोळीपुरती सोय स्टेशनवर किंवा कुणाकडं तरी बघावी आणि खोली दुपारी घ्यावी. हे गणित नऊ पदवीधरांना कागदावर काढून दाखवावं लागतं.

सामान कमी. एक सतरंजी दोघांत, शाल किंवा स्वेटर, डोक्याला रुमाल किंवा टोपी (दर्ग्यात डोकं झाकायचं), चपलांसाठी कापडी पिशवी, खडीसाखर, डासांचं मलम, पाण्याची बाटली. चपलांची पिशवी विसरू नये. उरुसाच्या गर्दीत काढून ठेवलेली चप्पल परत मिळतेही, पण ती आपलीच असेल असं नाही. पिशवी कापडीच हवी. प्लास्टिकची पिशवी षड्जावर कुरकुरली की पंधरा माणसं वळून बघतात. याच कारणासाठी भडंगाचा पुडा आत आणायला मनाई आहे. भडंग सांगली-जयसिंगपूरचं, त्याच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही, पण ते दाताखाली वाजतं, आणि आपल्या डोक्यात वाजलेलं बाहेर ऐकू येत नाही असा प्रत्येक खाणाऱ्याचा गैरसमज असतो.

बसायची जागा निवडायचं एक शास्त्र आहे. अगदी पुढं बसलं तर गवयाची नजर पडते आणि मग डुलकी काढता येत नाही. खांबाला किंवा भिंतीला टेकायची जागा सर्वांत महाग, ती संध्याकाळीच सतरंजी टाकून धरावी. कर्ण्याच्या तोंडाशी बसू नये. शिवाय उरूस म्हणजे उरूस आहे. आकाशपाळणे, पिपाण्या, बांगड्यांची दुकानं, हरवलेल्या मुलांच्या घोषणा. आत कोमल रिषभ लागत असतो आणि बाहेर 'निळा शर्ट घातलेला मुलगा' सापडत असतो. मला विचाराल तर यातच मजा आहे. गाणं बंद काचेच्या सभागृहात जन्मलेलं नाही, आणि ज्या उरुसाचा पहिला मानाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा असतो, तिथं पासवाल्यांची पहिली रांग मागून कशी चालेल?

वेळेचं मात्र बघून ठेवावं. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ची मर्यादा आहे. सरकार वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५ दिवस, ती १२ पर्यंत वाढवून देऊ शकतं. म्हणून यंदाची परवानगी किती वाजेपर्यंतची आहे आणि सकाळचं सत्र आहे का, हे निघण्याआधी विचारावं, नाही तर रात्रभर जागायच्या तयारीनं गेलेल्या माणसाच्या हातात जांभया तेवढ्या राहतात. आमच्यातले एक भाऊ दरबारी राग मध्यरात्रीआधी ऐकत नाहीत. साडेनवाला कोणी तो सुरू केला तर ते निषेध म्हणून चहाला उठतात आणि तिथून कान देऊन सगळा ऐकतात.

झाडाबद्दलही एक सूचना. ग्वाल्हेरला तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुरेल होतो अशी समजूत आहे. मिरजेतही चिंच बघून काहींचा हात वर जातो. जाऊ देऊ नये. पाल्यानं दात आंबतात. गळ्याचं काय होतं ते आपण दर रविवारी ऐकतोच.

सकाळी सतारमेकर गल्ली. तलवारी घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतली माणसं इथं तंतुवाद्यांकडं वळली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूरच्या भागातून येतात, लाकूड तुणीचं. दुकानात शिरून 'तयार आहे का एखादा, लगेच नेतो' असं म्हणणाऱ्याला बाहेरच थांबवावं. चांगला तानपुरा सांगून करवून घ्यायचा असतो आणि वाट बघायची असते. या फेरीत करण्याजोगं काम म्हणजे घरच्या तानपुऱ्याची जवारी. घोडी म्हणजे भोपळ्यावरची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. तारा घासून घासून तिच्या पाठीवर खाचा पडतात आणि आवाज बसतो. मग कारागीर कानानं अंदाज घेत ती पाठ पुन्हा तासतो, तारेखालचा दोरा सरकवून बघतो, पुन्हा तासतो. यावेळी त्याच्याशी बोलू नये. विशेषतः घराण्यांबद्दल बोलू नये.

तर तानपुरा न्यायचा आणि आणायचा. तारा दोन-तीन स्वरांनी उतरवाव्यात, पार ढिल्या करू नयेत. घोडी तारांच्या दाबानं जागेवर असते, ती हलली की केलेली जवारी गेली. घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवावी. खोळीच्या आत जुनी गोधडी भोपळ्याभोवती गुंडाळावी. चालताना भोपळा छातीशी आणि दांडी आकाशाकडं, कारण दार आलं की माणूस स्वतः वाकतो, दांडी वाकत नाही. भोपळा बाकाखाली जात नाही, म्हणून वरचा बर्थ त्याचा, आणि ज्याचा तो बर्थ तो माणूस रात्रभर खाली इतरांच्या पायाशी. तानपुऱ्याच्या नावानं तिकीट निघत नाही. ऐन वेळी गळालेल्या सोबत्याच्या बर्थवर तो ठेवावा म्हटलं, तर टीसी तो बर्थ आरएसीवाल्याला देतो, आणि ते योग्यच आहे.

मग परतीच्या गाडीत, पांढऱ्या खोळीतलं माणसाएवढं लांबट काहीतरी मांडीवर घेऊन, तारवटलेल्या डोळ्यांनी बसलेल्या आमच्यापैकी एकाला समोरच्या आजी न्याहाळत असतात.

"मिरजेहून का रे बाळा?"

"हो आजी."

"झालं का काम?"

"हो. जवारी काढली."

आजी चुकचुकतात. "फार दिवस होती का?"

"पाच-सहा वर्षं झाली होती. आवाजच बसला होता पार."

"आता?"

"आता सुटलाय चांगला."

"देवाची कृपा," आजी म्हणतात आणि सरकून भोपळ्याला जागा करून देतात. "पथ्य काय सांगितलंय?"

"दमट हवेत न्यायचं नाही म्हणालेत."