‘पिशवी काढा, मोकळ्या व्हा’ या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर तोच मेसेज गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा आला. वर गुलाबी रिबीन, खाली ‘मुंबईतील नामांकित डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही. मजकूर थोडक्यात असा: गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पहिल्या स्टेजला सापडला तर पिशवी काढा, विषय संपला. बायोप्सीच्या भानगडीत पडू नका, छेडलं की पसरतो. दुर्बिणीतून करा, तिसऱ्या दिवशी घरी. अंडाशयही त्याच वेळी काढून घ्या, नाहीतर तिकडे जाईल. नंतर ना शेक (म्हणजे रेडिएशन), ना फेऱ्या. आणि चार डॉक्टरांना विचारत बसू नका, एकेक दिवस मोलाचा. दहा मैत्रिणींना पाठवा.

ज्या काकूंनी तो पाठवला त्यांनीच माझ्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस मुगाची खिचडी आणून दिली होती, तेव्हा त्यांच्यावर राग नाही. पण दोन वर्षांपूर्वी, त्रेचाळिसाव्या वर्षी, माझ्या हातात असाच ‘पहिली स्टेज’चा कागद आला होता. हा मेसेज त्या आठवड्यात आला असता तर मी तो खुशाल ऐकला असता.

‘पिशवी काढली की विषय संपला.’ मुळात पहिली स्टेज ही एक स्टेज नाहीच. २०१८ मध्ये सुधारलेल्या वर्गवारीप्रमाणे कॅन्सर पृष्ठभागाखाली ३ मिमीपर्यंतच उतरला असेल तर वन-ए-वन, ३ ते ५ मिमी असेल तर वन-ए-टू. त्यापुढे वन-बी, आणि त्यातही गाठ २ सेमीच्या आत, २ ते ४ सेमी आणि ४ सेमीच्या वर असे तीन भाग. हे पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी काढून ३ मिमी म्हणजे किती ते बघितलं. ज्वारीचा दाणा त्याहून मोठा असतो. पण त्या दाण्याएवढ्या फरकावर सगळं बदलतं.

वन-ए-वन असेल, रक्तवाहिन्या-लसवाहिन्यांत (लिम्फ वाहणाऱ्या नळ्यांत) पेशी शिरल्या नसतील आणि मूल हवं असेल, तर पिशवीच्या तोंडाचा शंकूसारखा तुकडा काढून, कडा स्वच्छ आल्या तर तेवढ्यावरही भागतं. पिशवी जागेवर राहते. गाठ २ सेमीच्या आत असेल तर निवडक जणींत फक्त पिशवीचं तोंड आणि आजूबाजूचा भाग काढून वरची पिशवी वाचवणारी शस्त्रक्रियाही होते. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीच्या रांगेत माझ्या शेजारी कल्याणची एक मुलगी होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिच्या सासूबाई दर पाच मिनिटांनी एकच विचारत होत्या, ‘मूल होईल ना हो?’ हा फॉरवर्ड त्या मुलीला काय सांगणार?

आता दुसरं टोक. गाठ ४ सेमीपेक्षा मोठी, पण पिशवीच्या तोंडातच असेल, तरीही ती कागदावर ‘पहिली स्टेज’च. तिथे सहसा सुरीला हात न लावता शेक आणि सोबत आठवड्याला एक सौम्य केमो हा मार्ग धरतात. आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलनेच ६३५ स्त्रियांवर याचा अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठी गाठ असलेल्या किंवा दुसऱ्या स्टेजच्या या स्त्रियांपैकी निम्म्यांना आधी केमो देऊन मग ऑपरेशन, निम्म्यांना शेक आणि केमो. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनच्या गटात ६९.३ टक्के, शेकाच्या गटात ७६.७ टक्के. ‘ऑपरेशन म्हणजे पक्का इलाज आणि शेक म्हणजे हात टेकले’ ही समजूत आपल्या डोक्यात घट्ट बसली आहे. आकडे उलटं सांगतात.

‘बायोप्सी नको, छेडलं की पसरतो.’ पिशवीच्या तोंडाचा तुकडा घेतल्याने हा कॅन्सर पसरत नाही. आणि तुकडा न घेतल्याने काय होतं ते मी आमच्या घरात बघितलं आहे.

माझ्या धाकट्या मावशीला अंगावरून पांढरं जायचं, मधूनच रक्त. घराजवळच्या एका नर्सिंग होमने पॅप नाही, बायोप्सी नाही, थेट पिशवी काढली. ‘आता ताप नाही ताई.’ दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, त्यात कॅन्सर. म्हणजे कॅन्सरचं ऑपरेशन जसं करायचं तसं ते झालंच नव्हतं: आजूबाजूचं ऊतक नाही, योनीचा वरचा भाग नाही, लसग्रंथी (लिम्फ नोड) नाहीत. मग शेक घ्यावा लागला. आणि एरवी आतून शेक देताना नळी पिशवीच्या पोकळीत बसवतात. पिशवीच नाही तर ती बसवणार कुठे? शिवाय रिकाम्या जागेत आतडी खाली उतरतात, शेक त्यांनाही लागतो. मावशी बरी आहे, पण परसाकडची तक्रार तिला आजही आहे. इटलीतला १९९७ चा एक अभ्यास या बाबतीत जुना असूनही डॉक्टर अजून सांगतात: सुरुवातीच्या स्टेजला ऑपरेशन आणि शेक यांत पाच वर्षांचं जगणं सारखंच, पण ज्यांना दोन्ही घ्यावं लागलं त्यांचे त्रास जास्त. म्हणून आधी नीट मोजायचं, मग दोन्हींपैकी एकच निवडायचं.

आपल्या राज्यात पिशवी काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं झालं आहे, हे काही मी नव्याने सांगायला नको. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे कॅन्सरची नुसती भीती घालूनही पिशव्या काढल्याच्या तक्रारी होत्या. इथे खरा कॅन्सर आहे, तरी घाई तीच.

‘दुर्बिणीतून करा, तिसऱ्या दिवशी घरी.’ फायब्रॉइडसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन उत्तम. म्हणून मीही पहिल्या भेटीत तेच मागितलं. डॉक्टरांनी २०१८ चा निकाल समोर ठेवला: ६३१ स्त्रिया, सगळ्यांचं मोठं ऑपरेशन (पिशवीसोबत आजूबाजूचं ऊतकही काढायचं), अर्ध्या जणींचं पोट उघडून, अर्ध्या जणींचं दुर्बिणीने किंवा रोबोटने. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या: पोट उघडलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बिणीवाल्यांत ८६. दुर्बिणीचं पारडं निदान सारखं तरी भरेल असं करणाऱ्यांना वाटलं होतं, निघालं वेगळंच. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. २०२४ मध्ये ७०० स्त्रियांचा आणखी एक निकाल आला. २ सेमीच्या आतली, फार खोल न गेलेली गाठ असेल तर साधं पिशवी काढण्याचं ऑपरेशन मोठ्या ऑपरेशनच्या तोडीचं ठरलं: तीन वर्षांत ओटीपोटात आजार उलटण्याचं प्रमाण २.५२ विरुद्ध २.१७ टक्के, आणि लघवीचे त्रास साध्या ऑपरेशनात कमी. त्यातली बरीचशी ऑपरेशनं दुर्बिणीनेच झाली होती. म्हणजे सरसकट नियम या बाजूनेही नाही. विचारायचं ते एवढंच: माझी गाठ केवढी, खोली किती, आणि यातलं मला काय लागू?

माझं मोठं ऑपरेशन झालं, पोट उघडून. तिसऱ्या दिवशी घरी वगैरे विसरा. त्यात मूत्राशयाच्या नसांना धक्का बसतो, त्यामुळे मी लघवीची नळी घेऊनच घरी आले. बारा दिवस ती पिशवी पलंगाच्या कडेला ओढणीने बांधलेली असायची. (माझ्या घरात तेव्हा दोन पिशव्यांबद्दलच बोलणं चाले, एक गेलेली, एक आलेली.) नळी काढल्यावरही कित्येक आठवडे लघवीची भावनाच यायची नाही. घड्याळ लावून, दर तीन तासांनी.

‘अंडाशयही काढून घ्या.’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे स्क्वेमस. त्यात सुरुवातीच्या स्टेजला अंडाशयात पोचण्याचं प्रमाण शंभरात एकीहूनही कमी. ग्रंथींतून निघणाऱ्या अ‍ॅडिनो प्रकारात थोडं जास्त, तिथे वेगळा विचार होतो. पाळी चालू असलेल्या बाईची निरोगी अंडाशयं काढली की दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती: अंगातून वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ, पुढे हृदयाचा धोका. माझी ठेवली. पुढे शेक लागलाच तर अंडाशयं वाचावीत म्हणून ती वर सरकवून टाचूनही ठेवता येतात, हे मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं. तेही मी विचारलं म्हणून.

‘नंतर ना शेक, ना फेऱ्या.’ काढलेल्या लसग्रंथींत किंवा कडेला पेशी सापडल्या तर शेक येतोच, हे ऑपरेशनआधी कुणीही लिहून देऊ शकत नाही. माझ्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या म्हणून सुटले. फेऱ्या मात्र सुटल्या नाहीत: पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी. पिशवी गेली तरी योनीचा वरचा टोक-भाग आहे, या कॅन्सरला कारण असलेला एचपीव्ही विषाणू तिथेही राहू शकतो, आणि उलटायचं असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतं.

राहिलं ‘दुसऱ्या डॉक्टरला विचारू नका’. एचपीव्हीची लागण होऊन त्याचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. तपासण्यांत आणि दुसऱ्या मतात दोन-तीन आठवडे गेले म्हणून सुरुवातीच्या स्टेजला डाव हातचा जात नाही. वर्षभर वैदूकडे घालवणं वेगळं.

माझी बायोप्सी एका छोट्या नर्सिंग होममध्ये झाली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, ‘परवा ॲडमिट व्हा, पिशवी काढून टाकू.’ परळच्या डॉक्टरांनी आधी बायोप्सीच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक मागवले. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला आपला तुकडा, तो मागून घेता येतो, हे मला माहीत नव्हतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘रिपोर्ट दिलाय ना, ब्लॉक कशाला हवाय?’ नवऱ्याने तिथेच खुर्ची ओढली आणि अर्ज लिहिला. तासाभराने मिळाले. स्लाइड कापसात गुंडाळून स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात ठेवल्या, डबा मांडीवर घेऊन मी दादरहून टॅक्सीने गेले.

चार दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला. प्रकार तोच, स्क्वेमस. पण खाली एक ओळ जास्त होती: लसवाहिनीत पेशी दिसतात. पहिल्या रिपोर्टात ती नव्हती. मग एमआरआय झाला, शंकूचा तुकडा काढून खोली मोजली, ती ६ मिमी निघाली, म्हणजे वन-बी-वन. साधी पिशवी काढण्याऐवजी मोठं ऑपरेशन आणि लसग्रंथी काढायचं डॉक्टरांनी सुचवलं, ते त्या एका ओळीमुळे. परवा ॲडमिट झाले असते तर माझीही गत मावशीसारखीच झाली असती.