ड्रॅगन चालतो, पण घोडा दमला पाहिजे

तर मित्रांनो, तुम्ही कॉलेजात आहात, पुण्यात कुठेतरी कॉट बेसिसवर पडून आहात, परीक्षा तीन आठवड्यांवर आलीये आणि नेमकं आत्ताच कुणीतरी तुमच्या हातात आठशे पानांचा ठोकळा दिलाय, ज्याच्या कव्हरवर एक ग्रह, त्याच्या मागे अजून एक ग्रह आणि पुढे पाठमोरा उभा असलेला एक माणूस आहे. घाबरू नका. मी यातून गेलोय, चांगली सहा सेमिस्टर गेलोय, आणि सायफाय (म्हणजे विज्ञानकथा) नि फँटसी (म्हणजे ड्रॅगन-जादूवाल्या गोष्टी) ढीगभर वाचूनही अंगाला काडीचंही लावून कसं घ्यायचं नाही या विषयात माझा आता बऱ्यापैकी हात बसलाय. (याच विषयात बसलाय, मार्कशीट मागू नका.)

सगळ्यात आधी, हे का वाचतोय याचं उत्तर पाठ करून ठेवा, कारण सगळे विचारणार. वडील फोनवर विचारणार, "परीक्षेला आहे का हे?" मेसच्या काकू ताटाशेजारी पुस्तक बघून विचारणार, "भुताचं आहे का रे?" आणि माझ्यासारखा तुमचाही रूममेट एमपीएससीवाला असेल, म्हणजे भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, नकाशावर धरणांना निळ्या टाचण्या, तर तो पुस्तक उलटंपालटं करून विचारणार, "ह्याच्यावर प्रश्न येतोय का लका?" (आमचा सांगोल्याचा आहे.) अशा वेळी "आवडतं म्हणून वाचतो" असं चुकूनही बोलायचं नाही, आवडतं हे काय कारण झालं का? तुम्ही गंभीर चेहरा करून म्हणायचं की सायफाय लेखक आर्थर क्लार्कने १९४५ सालीच सांगून ठेवलं होतं, पृथ्वीपासून जवळपास ३६ हजार किलोमीटरवर तीन उपग्रह ठेवा, सगळ्या जगाशी बोलता येईल, म्हणजे आपल्या गच्चीवरची डिश ही सायफायचीच कृपा. लोक गप्प होतात. फक्त एवढंच करा की क्लार्कने ते कुठल्या गोष्टीत नव्हतं लिहिलं, एका रेडिओच्या तांत्रिक मासिकात सरळ लेख म्हणून लिहिलं होतं, हे सांगू नका. माझे वडील तरी गप्प नाही बसले, "मग रिचार्ज पण त्यालाच मारायला सांग" म्हणाले, पण तुमचे बसतील.

पुस्तक निवडताना एकच पुस्तक असलेली गोष्ट घेऊ नका, ती संपते. मालिका घ्या, आणि शक्यतो अशी की लेखकाचंच लिहून झालेलं नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या त्या सुप्रसिद्ध 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मालिकेचा पहिला भाग आला १९९६ ला, पाचवा आला २०११ ला, आणि सहाव्याची लोक अजून वाट बघतायत. विद्यार्थ्याला यापेक्षा जवळचा लेखक सापडणं अवघड आहे, सबमिशनची तारीख उलटून गेलीये, जर्नल अर्धं कोरं आहे आणि विचारलं की "होतच आलंय सर".

आता मुख्य मुद्दा. पुस्तकातलं काही मनाला लागतंय असं वाटायला लागलं की ताबडतोब चुका काढायला घ्यायच्या. हा रामबाण उपाय आहे, माझ्या अख्ख्या ग्रुपने वापरलेला. लढाईत यानाचा स्फोट झाला, आत ज्या पोरीवर दोनशे पानं तुमचा जीव जडलाय ती बसली होती, घशात काहीतरी अडकतंय? लगेच म्हणा, अंतराळात हवाच नाही तर आवाज कसा आला? झालं, घसा मोकळा. ताऱ्यावरून ताऱ्यावर कुणी दोन आठवड्यांत पोचलं की नासाच्या व्हॉयेजर १ यानाचा विषय काढा. १९७७ ला निघालंय, सेकंदाला १७ किलोमीटर पळतंय, ते त्या दिशेला चाललेलं नाही पण समजा वळवलं तर सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याइतकं अंतर कापायला साधारण ७५ हजार वर्षं. हा आकडा तोंडावर फेकला की समोरचा त्या दोन आठवड्यांत यानातल्या माणसांचं काय झालं ते सांगायचं विसरून जातो, आणि ऐकायचं तर आपल्याला नव्हतंच.

फँटसीमध्ये हे जरा नाजूक असतं, म्हणजे काय खरं मानायचं नि कशावर भांडायचं याचे नियम आहेत. ड्रॅगन आहे, चालेल. लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट आणि वजन आठपट होतं, म्हणजे एवढं धूड उडणं सोडा, नीट उभं राहील की नाही शंका, वर ते तोंडातून जाळ काढतं नि घसा भाजत नाही, तरी चालेल. पण त्याच पुस्तकात हिरोचा घोडा दिवसभर न थांबता दौडत गेला की आपला संताप अनावर झाला पाहिजे, अरे घोडा आहे का बुलेट, पाणी कधी पाजलं, नाल कधी मारली. यावर आम्ही एकदा टपरीवर पावणेदोन तास भांडलोय, चहाचे सोळा कप, आणि आमच्यापैकी घोड्यावर बसलेला एकच, तोही महाबळेश्वरला, घोडेवाल्याने लगाम धरलेला असताना.

चुका काढण्यात एक धोका आहे तेवढा सांगतो, म्हणजे तुमचं तरी माझ्यासारखं होणार नाही. एका कादंबरीत यान निघतं आणि पृथ्वीवर आपल्याला जेवढं वजन जाणवतं तेवढंच आत जाणवत राहील अशा बेताने वेग वाढवत वाढवत जातं, वर्षभर. रात्री दोन वाजता माझ्यातला फिजिक्सवाला जागा झाला. जर्नलचं मागचं पान घेतलं, व्ही इज इक्वल टू यू प्लस एटी, ९.८ गुणिले एका वर्षाचे ३.१५ कोटी सेकंद, उत्तर आलं सेकंदाला ३०.९ कोटी मीटर. आणि प्रकाशाचा वेग किती, ३० कोटी! सापडला! अख्ख्या जगात गाजलेला लेखक आणि त्याला साधी बारावीची ढोबळ चूक कळली नाही, मी कॉटवरून उडी मारून रूममेटला हलवून उठवला आणि पान त्याच्या नाकासमोर धरलं. तो बिचारा अर्धवट झोपेत म्हणाला, "लेखकाला माहीत नसंल व्हय रं?" आणि तेवढ्यात मला आठवलं की एवढ्या वेगाला हे बारावीचं सूत्र चालतच नाही, तिथे आइनस्टाइनची स्पेशल रिलेटिव्हिटी लावायची असते, लावली की यान प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जातं पण ओलांडत नाही, आणि लेखकाने ते चार पानं आधी सरळ लिहिलेलं होतं, जी मी कंटाळा आला म्हणून उलटवली होती. मॉडर्न फिजिक्सच्या पेपरला माझा बॅकलॉग होता हे वेगळं सांगायला नको. रूममेटला म्हटलं झोप, काही नाही.

तुमच्याकडून चुका काढणं होत नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे पुस्तकात न राहता पुस्तकाच्या सामानात राहणं. नकाशे, वंशावळ्या, परिशिष्टं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टोल्कीन हे ऑक्सफर्डला भाषांचे प्राध्यापक, त्यांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलायला माणसं, एल्फ वगैरे आणले, तुम्ही फक्त भाषेपाशी थांबा. मी त्यांची ती वळणावळणाची एल्फ लोकांची लिपी आठवडाभर गिरवली (त्याच आठवड्यात ऑप्टिक्सचं प्रॅक्टिकल होतं) आणि जर्नलच्या पहिल्या पानावर त्यात स्वतःचं नाव लिहिलं. सरांनी चष्मा वर करून पाहिलं, म्हणाले, "मोडी येते तुला?" आता अशा वेळी खरं बोलणारा माणूस सायफाय वाचतच नाही. मी नुसती मान हलवली. सरांना इतकं कौतुक वाटलं की पुढच्या सोमवारी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरचं जुनं खरेदीखत घेऊन आले, आजोबांच्या वेळचं, भावकीत वाद चाललाय म्हणे, जरा वाच बघू. मी ते उजेडात धरलं, तिरकं धरलं, शेवटी "शाई फार उडालीये सर" म्हणून परत दिलं. ऑप्टिक्सला पास झालो, पण आजही त्या जमिनीचा विषय कुठे निघाला की मला घाम फुटतो.

बरं, मराठीत असलं काही वाचायचं नाही हे लिहून घ्या. "मराठीत सायफाय आहेच कुठे" हे वाक्य चारचौघांत उत्तम जातं आणि त्याला वाचन लागत नाही. कुणी अति शहाणा म्हणेल की १९०० सालीच 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीत आली होती, कुणी भा. रा. भागवतांचं नाव काढेल, कुणी भयकथावाल्या नारायण धारपांचं. त्यांना "हो, पण ते लहान मुलांसाठी" म्हणा, धारपांना हे लागू होत नाही पण ज्याने रात्री एकट्याने धारप वाचलेत तो वाद घालायच्या मनःस्थितीत नसतो. जयंत नारळीकरांचं नाव निघालं तर मात्र विषय बदला. जगभर नाव झालेला हा माणूस १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत उतरतो, आपल्या नावाकडे बघून बक्षीस देऊ नये म्हणून ज. वि. ना. उलटं करून 'नारायण विनायक जगताप' होतो, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा बायकोच्या हस्ताक्षरात पाठवतो आणि पहिला येतो. आणि आपण असाइनमेंट दुसऱ्याच्या अक्षरात देतो ते कशासाठी, तर आपण काही लिहिलेलंच नसतं.

त्यांची ती पानिपतची गोष्ट तर अजिबात वाचू नका, गंगाधरपंतांची, ज्यात विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते आणि पुढचा सगळा इतिहास फिरतो. १४ जानेवारी १७६१ म्हटलं की मराठी माणसाचं तोंड अजून कडू होतं, भर संक्रांतीत, तीळगूळ हातात असताना, त्यामुळे ही गोष्ट वाचून काही होणार नाही असं समजू नका. त्यातले प्राध्यापक पुण्याहून मुंबईला गाडीने निघतात आणि भलत्याच मुंबईत पोचतात. मी ती गोष्ट पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीतच वाचली, दाराशी बसून, हे करू नका. घाटातल्या एका बोगद्यात डबा अंधारला आणि माझ्या पोटात खरंच गोळा आला की आता बाहेर पडल्यावर कुठलं साल, कुणाचं राज्य. बाहेर आलो तर मोबाइलला रेंज नाही. एक मिनिट, फार तर दीड मिनिट, मी बाहेरच्या ढगांकडे बघत होतो आणि माझ्या छातीत धडधडत होतं, खोटं कशाला सांगू, मजा येत होती. मग मागून टीसी म्हणाले, "तिकीट?" त्या विश्वातही माझं तिकीट पुढच्या तारखेचं होतं.

राहता राहिला रडण्याचा विषय, तो पटकन उरकू. एका गोष्टीत एक जण प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्के वेगाने जाऊन येतो, त्याचं एक वर्ष होतं तेव्हा घरी सात वर्षं होतात, परत येतो तर दार उघडणारं माणूस भलतंच म्हातारं झालेलं. हे वाचताना मला उगाच आमची आजी आठवली. मी दिवाळीला गेलो तेव्हा ती अंगणात खाली बसून रांगोळी काढत होती, मेमध्ये गेलो तर खुर्चीवर बसून आईला ठिपके कुठे टाक ते सांगत होती, आणि पुढच्या दिवाळीला मला "कोण, धाकटा का?" म्हणाली, मी थोरला. अशा वेळी काय करायचं? गणित करायचं. आमच्या गावची एसटी ताशी ४० ने जाते, त्या वेगाला टाइम डायलेशन, म्हणजे वेगामुळे घड्याळ मंदावणं, किती होतं ते काढा, दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग सात येतात, म्हणजे काहीच नाही. म्हणजे मी पुण्यात राहिल्यामुळे ती म्हातारी झाली असं फिजिक्स कुठेही म्हणत नाही. मी दोनदा करून बघितलं, शून्यं पंधराच येतात.

तर हे एवढं सगळं पाळलंत की काही होत नाही. मी हेच सगळं रूममेटलाही समजावलं होतं, कारण पूर्व परीक्षा झाल्यावर त्याने माझ्या उशाखालचा तो ग्रहवाला ठोकळा "झोप येती का बघतो" म्हणून उचलला होता. काल रात्री अडीचला जाग आली. लाइट बंद, त्याच्या पांघरुणातून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड येतोय आणि नाक ओढल्याचा आवाज. मी म्हटलं, अरे अंतराळात आवाज... तर तोंड बाहेर न काढता तो म्हणाला, "गप ए. ती पोरगी यानात नव्हती ना रं? खरं सांग, वाचती का ती?"