एक्के आणि लाल कांदा

काकूंनी सत्ती आणि दुर्री अशी दोन पानं टेबलावर मांडली आणि मला विचारलं, "ह्याला काही म्हणतात का हो?"

म्हणतात, काकू. होल्डेम नावाच्या पोकरमधली सगळ्यांत टाकाऊ पानं म्हणतात ह्याला. माझ्याकडे तेव्हा एक्क्यांची जोडी होती. ही जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हाती येते. आमचे तासाला वीसेक डाव होतात आणि मधे भेळ असते, म्हणजे तीन-चार बैठकांतून एकदा. इतक्या नवसाची ती जोडी आली, मी ती शहाणपणाने लपवली, आणि माझे ६४ बेदाणे काकूंच्या ओंजळीत गेले.

बेदाण्यांचं आधी सांगतो. इंदिरानगरात आमच्या घरी एक शनिवार सोडून पत्ते पडतात. पूर्वी दिवाळीपुरती तीन पत्ती असायची. मग भाचा ओंकार पुण्याच्या हॉस्टेलवरून अभियांत्रिकी सोडून बाकी सगळं शिकून आला, त्यात पोकरही होता. पैसे लावायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं. देशाच्या नोटा नाशिकरोडला छापल्या जातात, आणि तिथून हाकेच्या अंतरावर आम्ही माणशी १०० बेदाण्यांवर खेळतो. ज्याचे आधी संपतील त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ खिलवायची. बँक काकांकडे. काका प्रेसमधून रिटायर झालेत, त्यामुळे मोजणीत एक बेदाणा इकडचा तिकडे होत नाही. फक्त, खाल्लेला बेदाणा परत मिळत नाही. खाण्याला मात्र मनाई नाही.

आता माझं शहाणपण. खेळ असा की प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती आपली आपण बघायची. मग मधे तीन पानं उघडतात, तो फ्लॉप. पुढे आणखी दोन, एकेक करून. फ्लॉप उघडायच्या आधीच एक बोलीची फेरी होते. मी महिनाभर रात्री जागून व्हिडिओ पाहिले होते. त्यात एक गॉगलवाला सांगायचा की भारी पानं आली की हात आखडता घ्या, नुसता लिंप करा, म्हणजे मोठ्या ब्लाइंडइतकेच, पानं वाटण्याआधी एकाला नियमाने भरावे लागतात तेवढेच, टाका. समोरच्याला वाटेल पानं हलकी आहेत, तो वाढवेल, मग त्याला धरा.

मी धरायला बसलो. दोन बेदाणे टाकले, चेहरा वीजबिल भरायच्या रांगेतला केला. मेहुण्याने, म्हणजे बापूने, दोन टाकले. ओंकार मोबाईलमध्ये होता, त्याने न बघता दोन टाकले. बायकोने टाकले. काकांनी अर्धे आधीच भरले होते, ते पुरे केले. काकूंचे दोन तर नियमानेच भरलेले. वाढवलं कुणीच नाही. सहाच्या सहा जण आत, आणि मी एक्के कुशीत घेऊन गर्दीत उभा.

गॉगलवाल्याने हे सांगितलं नव्हतं. एक्क्यांची जोडी कुठल्याही एका हाताविरुद्ध शंभरात ८५ वेळा जिंकते. समोर दोघं असले तर ७३. पाच जण शेवटपर्यंत थांबले तर जेमतेम ४९, म्हणजे नाणं उडवलेलं बरं. फ्लॉपला राजा, सत्ती, दुर्री आले; काकूंच्या दोन जोड्या झाल्या, माझी एकच. पुढचं सांगवत नाही.

"मी सुरुवातीलाच बारा टाकले असते तर?" मी काकूंना विचारलं.

"बारा? छे हो. ते खिरीला ठेवले असते मी."

बापू निफाडकडचा, कांदेवाला. दारात कांदा साठवायची चाळ आहे त्याची. त्याने एक्के उचलून नीट न्याहाळले, बाजारात माल बघतात तसे. म्हणाला, "दाजी, तुम्ही हे चाळीत भरून ठेवले. हा लाल कांदा आहे. उन्हाळी असता तर ठेवा ना बिनधास्त, दिवाळीपर्यंत. लाल काढला की तसाच मार्केटला न्यायचा, थोड्याच दिवसांत कोंब येतो त्याला." आणि गेल्या साली भाव वाढेल म्हणून त्याने स्वतः किती ट्रॉल्या उकिरड्यावर टाकल्या, हे बायकोने मला स्वयंपाकघरात सांगितलं.

पण बापूचं खरंच होतं. हा खेळ टेक्सासमधल्या रॉब्सटाउन गावचा मानतात, तिथल्या विधिमंडळाने २००७ मध्ये तसा ठरावही केलाय. लबाडी त्याच्या रक्तात असेल. पण लबाडीला गिऱ्हाईक लागतं. 'हा दोनच का टाकतो?' असा विचार करणारा कुणीतरी समोर पाहिजे. आमच्याकडे काका तीन पत्तीच्या सवयीने पहिली फेरी ब्लाइंडच खेळतात, म्हणजे स्वतःची पानंसुद्धा बघत नाहीत. ज्याने स्वतःची पानं पाहिली नाहीत त्याला माझ्या पानांबद्दल गैरसमज कसा करून द्यायचा? उलटही करून पाहिलं. कचरा पानांवर एकदा ऐटीत १५ टाकले, सगळे पळतील म्हणून. चौघं आत आले. काका म्हणाले, "आज रंगात आहे हा."

कसून बघणारं टेबलावर एकच माणूस आहे, आणि ते पानांकडे बघत नाही. पुढच्या बैठकीत मला राण्यांची जोडी आली. मी हाताची घडी घालून शांत बसलो, तर बायको म्हणाली, "अहो, खायचे का थांबलात?" पानं हलकी असली की मी बेदाणे तोंडात टाकत असतो आणि भारी आली की हात थांबतो, हे मला त्या क्षणी कळलं. बाकीच्यांनाही कळलं. पाचही जणांनी पानं टाकली.

तरी एक फट होती: ओंकार. मोबाईल हातात नसला की तो काहीही आलं तरी वाढवतो. असा माणूस आपल्या मागून बोलणारा असेल तर मात्र भारी पानांवर गप्प बसण्यात अर्थ आहे. तो वाढवणारच; आपल्यापाशी फेरी परत आली की त्याच्या दुप्पट-तिप्पट टाकायचे. वाढवायचं काम त्याने करायचं, माल आपला.

गेल्या शनिवारी राजांची जोडी आली. ओंकारचा मोबाईल चार्जिंगला होता. माझ्याकडे ४० बेदाणे. मी दोन टाकले आणि, बायकोची नजर ओळखून, खायला सुरुवात केली. एकेक, सावकाश, बेफिकीर. बापूने पानं टाकली. ओंकारने १२ केले. बायकोने माझ्या जबड्याकडे पाहिलं, आणि तिने टाकली! काकांनी न बघता १२ पुरे केले. काकूंनी विचार केला. काकू विचार करताना आधी पदर नीट करतात, मग काकांना काहीतरी गोळीबद्दल विचारतात. मी खात होतो. "तिघं आहात तर मीही," त्या म्हणाल्या.

माझी पाळी आली. ओंजळ पुढे ढकलून मी गरजलो, "सगळे!"

काकांनी मोजले. दोनदा मोजले. "चौदा."

आधीचे दोन धरून १६. म्हणजे ओंकारच्या १२ वर मी वाढवले चार. चार बेदाण्यांना कोण घाबरतं? तिघंही आले. शेवटी काकांनी पहिल्यांदा स्वतःची पानं उलटली. "अरे, एक्का दिसतोय." मधे दुसरा एक्का पडलेलाच होता.

माझे संपले म्हणून पुढचे डाव मी नुसता वाटत बसलो. त्यातल्या एका डावात बायको पहिली बोलणार होती. तिने दोन टाकले, भाजी निवडावी तशा चेहऱ्याने. सगळे दोन-दोन टाकून आले. फेरी फिरून ओंकारवर आली, मोठा ब्लाइंड त्याचाच. त्याने अर्थातच १५ केले. तिने सगळी रास पुढे सरकवली, ८०च्या वर. बाकीच्यांनी पानं टाकली, ओंकार चिडून आला, गुलाम-नव्वीवर. तिच्याकडे एक्के होते.

"हे कुठे पाहिलंस?" मी विचारलं.

"पाहायचं काय त्यात? ह्याला दर वेळी बोलायचंच असतं. भाजीवाल्याला आधी भाव बोलू द्यावा."

रविवारी गंगापूर रोडला सहा मिसळी, जादाचे नऊ पाव. बापूने पापडही घेतला. काकूंनी येताना डब्यात उरलेल्या बेदाण्यांची खीर आणली होती, मला म्हणाल्या, "तुमचेच आहेत, घ्या."